हाती राहिलं धुपाटणं

आर्डेंट सेन्सर यांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुला नमस्कार नाही. लीग ऑफ लेजेंड्स या खेळात मी वर्षानुवर्षं सपोर्ट खेळते आहे, धाकट्या भावाच्या नेमबाजाशेजारी उभी राहून. 2017 च्या पावसाळ्यापासून त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तू आमच्या लेनवर जे केलंस, ते मी विसरलेले नाही. हिशेब जुना आहे, पण चारचौघांत मांडायचा राहून गेला होता.

तुझ्या नावाचं मराठी करायचं तर धुपाटणं. देवापुढे धूप जाळायचं भांडं. आता हे भांडं लोकांच्या तोंडी येतं ते बहुतेक एकाच म्हणीत, आणि तीत ते तेल-तूप दोन्ही गेल्यावर हाती उरतं. आमच्या घरात तेल कोणतं गेलं आणि तूप कोणतं, ते पुढे सांगते. आधी हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तुझा गुन्हा समजायला हवा.

रायट गेम्सने 2009 मध्ये हा खेळ आणला. पाच विरुद्ध पाच. नकाशावर वरची, मधली, खालची अशा तीन लेन, त्यांच्या मधे जंगल, दोन टोकांना दोन तळ. समोरच्यांच्या तळातला नेक्सस फोडला की सामना जिंकला. सामन्याआधी प्रत्येकाने एक चॅम्पियन निवडायचा. तू माजलास त्या वर्षी असे 130 हून जास्त चॅम्पियन होते, आणि त्यांचे वर्ग ठरलेले होते: घाव अंगावर झेलणारे टँक, एका झडपेत जीव घेणारे असॅसिन, लांबून मंत्र टाकणारे मेज, दुरून बाण-गोळ्या सोडणारे मार्क्समन म्हणजे नेमबाज, आपल्या माणसाला ढाल देणाऱ्या आणि बरं करणाऱ्या एन्चँटर. ज्याला जे बळ दिलं, त्याची किंमत म्हणून एक उणीवही त्याच्या पदरात टाकलेली. लिओना समोरच्याला जागच्या जागी खिळवते, पण एकदा उडी घेतली की तिला मागे फिरता येत नाही. जॅना वाऱ्याने शत्रूला उडवून लावते, आपल्या नेमबाजावर ढाल धरते, पण तिच्यावर कोणी नीट चाल केली की ती स्वतः फार वेळ टिकत नाही. सगळा खेळ या उणिवांवर उभा आहे. दुसऱ्याची उणीव शोधायची, आपली झाकायची, आणि शेजारच्याची सांभाळून घ्यायची.

चॅम्पियन एकदा निवडला की सामना संपेपर्यंत तोच. बदलता येतं ते फक्त त्याच्या झोळीतलं सामान. मिनियन म्हणजे छोटे सैनिक मारून, माणूस मारून, टॉवर पाडून गोल्ड मिळतं, आणि त्यातून सहा आयटम घेता येतात. समोरचे फार लवकर बरे होत असतील तर एक्झिक्युशनर्स कॉलिंग घ्यायचं, म्हणजे त्यांच्या जखमा पूर्वीसारख्या भरत नाहीत. असॅसिन अंगावर येत असेल तर मेजने झोन्याज अवरग्लास घ्यायचं आणि ऐन वेळी अडीच सेकंद सोन्याचा पुतळा होऊन राहायचं. पुतळ्याला कोणी मारू शकत नाही, आणि पुतळ्यालाही काही करता येत नाही. अडीच सेकंद संपल्यावर भोवती कोण उभं असेल, आपले की त्यांचे, हे आधी ओळखावं लागतं. चुकलात तर त्या पुतळ्याची राख होते. मला हा आयटम मनापासून आवडतो. पैसे मोजून झाले तरी अवघड काम तो खेळणाऱ्याकडेच ठेवतो.

आणि तू? तूही असाच एक आयटम. एन्चँटरने कोणाला ढाल दिली किंवा बरं केलं, की पुढचे सहा सेकंद त्याच्या हल्ल्याचा वेग 20 ते 35 टक्क्यांनी वाढायचा, आणि त्याच्या प्रत्येक फटक्यागणिक 20 ते 35 हेल्थ त्याच्याकडे परत यायची. नेमका आकडा त्याच्या पातळीवर ठरे. यासाठी जॅनाला वेगळं काय करावं लागलं? काहीही नाही. ढाल ती देणारच होती, तेच तिचं काम. कोणतं बटण दाबायचं नाही, कोणती वेळ साधायची नाही, चुकायची भीती नाही. ती आपलं नेहमीचं काम करत राहिली आणि तू तिच्या नकळत नेमबाजाच्या बंदुकीत दारू ठासत राहिलास. जिची ओळखच राखण करणारी अशी होती, तिच्या हाती तू हल्ल्याचं बळ दिलंस आणि बदल्यात तिच्याकडून काही मागितलं नाहीस. एवढी एक गोष्ट करून तू सगळ्या वर्गांचं गणित मोडलंस.

तुझी बाजू मला माहीत आहे, आणि ती मांडल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. सपोर्टची सुरुवातीची वर्षं फार हलाखीची होती. मिनियनचं गोल्ड नेमबाजाला, माणूस मारल्याचं गोल्ड शक्यतो नेमबाजाला, आणि सपोर्टकडे जे चार पैसे येत तेही वॉर्ड विकत घेण्यात संपत. अंधाऱ्या नकाशावर संघाला दिसावं म्हणून ती दिवे लावत फिरायची, आणि सामना संपताना तिच्या झोळीत पायताणांखेरीज फारसं काही नसायचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं खाणारी बाई आपल्याकडे घरोघर होती, तशी ही. 2013 च्या अखेरीस खेळाच्या कर्त्यांनी हे बदललं. साधे वॉर्ड फुकट झाले, सपोर्टला स्वतःचं गोल्ड मिळवून देणारे आयटम आले. तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. तू त्याच चांगल्या हेतूच्या घरातला आहेस. सपोर्टनेही काहीतरी मोलाचं विकत घ्यावं, तिच्या खरेदीने सामना फिरावा, ही इच्छा खोटी नव्हती.

पण तू सपोर्टला काय दिलंस ते नीट बघ. तिला मोल आलं ते तुझ्यामुळे, आणि तेही दुसऱ्याच्या फटक्यांतून मोजलं जाणारं. तिचा अंदाज, तिची उडी, झुडपात दबा धरून बसण्याचा तिचा धीर, नेमक्या क्षणी तिने मारलेली हाक, यातलं काहीच त्या मोलात धरलं जात नव्हतं. विचारलं जायचं ते एवढंच: सेन्सर झालं का?

आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझी आवडती लिओना. भावाचा आवडता जिन, चार गोळ्यांचा बंदूकवाला, प्रत्येक चौथी गोळी जीवघेणी. आमची जोडी जमली होती ती या दोघांच्या स्वभावांमुळे. माझी लिओना ज्याला गाठायची, त्याला त्याचा जिन लांबून एका गोळीत जागीच खिळवायचा, कारण आपल्या माणसाने नुकताच ज्याला घाव घातला आहे त्यालाच जिनची ती गोळी अडकवते. मी पुढे, तो मागे. मी उडी घेण्याआधी त्याच्याकडे बघायचे आणि तो नुसतं ‘हं’ म्हणायचा. त्या एका ‘हं’साठी आम्ही पुण्याच्या त्या दोन खोल्यांत आईच्या हाका ऐकूनही जागचे हलत नव्हतो.

मग तू आलास. लिओना कोणाला ढाल देत नाही की बरं करत नाही, त्यामुळे तिच्या झोळीत तू म्हणजे निव्वळ ओझं. जिनच्या बंदुकीची चाल ठरलेली असते, वेग कितीही वाढवा, त्याची गोळी लवकर सुटत नाही. तुझा खरा लाभ भराभर फटके मारणाऱ्यांना: ट्विच, कॉगमॉ, ट्रिस्टाना. सोबत खेळणारे तिघे आधी हळू बोलले, मग ओरडून. एका संध्याकाळी भाऊच म्हणाला, “ताई, जॅना घे ना. सेन्सर घे. सगळे तेच करतायत.” त्याचा आवाज पडलेला होता, कारण जिन त्याने आधीच सोडला होता. मी जॅना घेतली. त्या रात्री आम्ही जिंकलो, आणि दुसऱ्या रात्रीही. मी मागे उभी राहून दर काही सेकंदांनी ढाल टाकत होते आणि तो एका जागेवरून फटके मारत होता. त्याचं ‘हं’ मला परत ऐकू आलं नाही, गरजच नव्हती. लिओना गेली, जिन गेला, आणि जिंकलेल्या सामन्याच्या शेवटी माझ्या हाती तू होतास.

त्या दिवसांतली एक लबाडी तर अजून खुपते. रेलिक शील्ड नावाचा सुरुवातीचा एक आयटम होता. पुढे उभं राहून मार खाणाऱ्या दणकट सपोर्टसाठी तो केलेला. पण त्यातून गोल्ड लवकर जमायचं, आणि गोल्ड लवकर जमलं की तू लवकर घरी यायचास, म्हणून जॅना आणि लुलूसारख्या नाजूक बायका तो घेऊन लेनवर उतरू लागल्या. ढाल टँकची, हात एन्चँटरचे, आणि सगळी धडपड तुझ्यासाठी. एका वर्गाची जागा तू आधीच बळकावली होतीस. आता त्याची शिदोरीही नेलीस.

आम्ही हौशी माणसं, आमचं एक वेळ सोडून दे. पण त्या वर्षीची जागतिक स्पर्धा चीनमध्ये होती. वुहान, ग्वांगझौ, शांघाय आणि शेवटी बीजिंग. स्पर्धाभर खेळाची एकच आवृत्ती, 7.18, गोठवून ठेवलेली. म्हणजे तू जसा होतास तसाच शेवटपर्यंत राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी प्रत्येक संघाला तीनऐवजी पाच चॅम्पियन वर्ज्य करायची मुभा मिळाली होती, दोन्ही संघांचे मिळून 10. पण वर्ज्य चॅम्पियन करता येतो, आयटम नाही. एक एन्चँटर काढून टाकली तर दुसरी येई, आणि तिच्या झोळीत पुन्हा तू. जगातले सर्वांत चपळ हात तिथे जमले होते, आणि सामन्यामागून सामन्यात खालच्या लेनवर तोच क्रम: सपोर्टचं गोल्ड जमेपर्यंत जपून राहायचं, तू आलास की लढाईला निघायचं. तुझ्या येण्याचं मिनिट बघून संघ आपलं वेळापत्रक आखत होते.

आणि तरीही तू अजिंक्य नव्हतास. ग्वांगझौच्या उपउपांत्य फेरीत मिसफिट्स हा युरोपीय संघ एसके टेलिकॉम टी1 समोर उभा राहिला. एसकेटी म्हणजे 2015 आणि 2016 चे विजेते, त्यांच्याकडे फेकरसारखा नावाजलेला खेळाडू. मिसफिट्सचा सपोर्ट इग्नार हा कोरियाचाच मुलगा. त्याने सगळ्यांनी गुंडाळून ठेवलेली लिओना बाहेर काढली, ब्लिट्झक्रँक बाहेर काढला. त्याचा हिशेब साधा होता: ढाल पडण्याआधी माणूस धरला तर ढालीमागून येणारा तूही येत नाहीस. मिसफिट्स 2-1 ने पुढे गेले. आणखी एक सामना, आणि गतविजेते स्पर्धेबाहेर! मी खुर्चीवरून उठून उभी होते. शेवटी एसकेटीने ती फेरी 3-2 ने काढली, मिसफिट्स घरी गेले. पण त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींचा मला राग आला. एक, तुला हरवता येत होतं. दोन, तुला हरवायला निघणारा माणूस सगळ्या स्पर्धेत इतका एकटा होता, कारण तुला सोडून हरलं तर बोल लागतो, आणि तुला घेऊन हरलं तर कोणी काही विचारत नाही. तुझा सगळा दरारा या भीतीवर चालत होता. मीही जॅना घेतली होती ती त्याच भीतीने.

अंतिम सामना 4 नोव्हेंबरला, शनिवारी, बीजिंगच्या बर्ड्स नेस्टमध्ये, 2008 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या त्या घरट्यात. आमच्याकडे दुपार होती. आदल्या संध्याकाळच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या गॅलरीच्या कठड्यावर अजून तशाच होत्या, वाती जळून काळ्या झालेल्या. पडद्यावर संगणकाने उभा केलेला एक ड्रॅगन स्टेडियमवरून घिरट्या घालत खाली उतरला, आणि भाऊ ओरडला. एसकेटीसमोर सॅमसंग गॅलेक्सी. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात हेच एसकेटीकडून 3-2 ने हरले होते. या वेळी कोरियाचा तिसरा संघ म्हणून कसेबसे आत आलेले. त्यांचा सपोर्ट कोअरजेजे पूर्वी स्वतः नेमबाज खेळायचा. नेमबाजाला कधी काय लागतं हे त्याच्या हातांना माहीत होतं. सॅमसंगने एकही सामना न गमावता 3-0 ने अजिंक्यपद घेतलं.

त्या दिवसातलं मला काय आठवतं सांगू? तुझा झगमगाट नाही. मला आठवतो तिसरा सामना, सॅमसंगचा नेमबाज रूलर व्हारस घेऊन उभा. नेमबाजाने मागे राहायचं असतं, ही पहिली शिकवण. रूलरने फ्लॅशची झटकन उडी घेतली ती पुढे, थेट फेकरच्या कार्माच्या रोखाने, आणि साखळदंडाचा बाण सोडला. फेकर अडकला. तिथून सामना सुटला आणि थोड्याच वेळात तीन वेळचा जगज्जेता टेबलावर डोकं ठेवून रडत होता. ती उडी रूलरची होती. चुकली असती तर तोच मेला असता, आणि सगळं स्टेडियम त्याला हसलं असतं. हा खेळ मी अशा क्षणांसाठी बघते, आणि तू असे क्षण महिनोन्महिने दुर्मीळ करून ठेवलेस.

तुला घडवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, तेव्हा तू जरा बाजूला हो. आकडे चुकतात, हे मी समजू शकते. शंभरावर चॅम्पियन आणि त्यावर एवढे आयटम, यांचा मेळ आधीच कागदावर बसवणं कोणालाच जमणार नाही. पण 2015 मध्येही तुम्ही जागतिक स्पर्धा तोंडावर असताना जगरनॉट या दणकट लढवय्यांच्या वर्गाची उलथापालथ केलीत, आणि स्पर्धेत मॉर्डेकायझरभोवती निवड फिरली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यासक्रम बदलू नये हे शाळेतल्या पोराला कळतं. 2018 मध्ये तुम्ही उलट टोकाला गेलात. 8.11 या आवृत्तीत नेमबाजांचे आयटम इतके दुबळे केलेत की खालच्या लेनवर मेज आणि लढवय्ये येऊन उभे राहिले आणि नेमबाज खेळत मोठी झालेली मुलं बिनकामाची झाली. भावाने त्या पावसाळ्यात खेळ बंदच ठेवला होता. मग 2020 च्या अखेरीस मिथिक आयटम आणलेत, प्रत्येकाने एकच घ्यायचा. निवड वाढेल म्हणालात, आणि झालं असं की बहुतेक चॅम्पियनांचा एक मिथिक ठरून गेला आणि बाकीचे दुकानाच्या भिंतीवर टांगलेले राहिले. 2024 च्या सुरुवातीला ते तुम्हालाच काढून टाकावे लागले. प्रत्येक वेळी दुखणं एकच. आयटम बलवान आहे की दुबळा, एवढंच तुम्ही मोजता. तो घेताना खेळणाऱ्याच्या मनात दोन विचार येतात का, त्याचा हात क्षणभर थांबतो का, हेही मोजा. हात थांबत नसेल तर त्या झोळीत सहा रिकाम्या जागा कशाला ठेवल्या आहेत?

सेन्सर, तू परत समोर ये. पुढे तुझे आकडे उतरवले गेले. तू अजून दुकानात आहेस, बराच निवलेला, आणि एन्चँटर खेळणाऱ्या मुली तुला विचार करून घेतात, कधी घेतात, कधी घेत नाहीत. तुला दुकानातून हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. तिथे राहा. पण तू काय होऊन बसला होतास ते तुझ्या कपाळावर लिहिलेलं असू दे.

भाऊ आता नोकरीसाठी बंगळुरूला असतो. शनिवारी रात्री उशिरा आम्ही खेळतो, कानाला हेडफोन, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. गेल्या शनिवारी त्याने न विचारता जिन घेतला. मी लिओना घेतली. समोर लुलू आणि ट्विच, आणि अठराव्या मिनिटाला लुलूच्या झोळीत तू दिसलास. मी नदीकाठच्या झुडपात उभी होते. लुलूची ढाल नुकतीच पडून संपली होती, पुढची यायला काही सेकंद होते. मी विचारलं, “जाऊ?”

तो म्हणाला, “हं.”

तुझी,
कधीच नसलेली,
बॉट लेनवरची एक सपोर्ट